आमच्या घरची इस्तरी

खालच्या जळालेल्या खोलीत जी इस्तरी सापडली ती ताईंची नव्हती. ती आमच्या घरची होती. मी ती वरून नेऊन तिथे ठेवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला ते कळलं असेल असं मला कधीकधी वाटतं, पण सांगणं आणि कळणं यांत फरक आहे, आणि माझ्या वाट्याचं सांगणं मी केलेलं नाही.

आम्ही रायपूरचे मराठी. आमचे लोक मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि राहिले. नागपूरचे पाहुणे आमची भाषा ऐकून हसतात, इथले लोक आमच्या लग्नांतल्या मुंडावळ्या पाहून हसतात, आणि आमची पोरगी दोघांनाही हिंदीत उत्तर देते. घर ब्राह्मणपाऱ्यात, वडिलांनी बांधलेलं, दोन मजल्यांचं. वर आम्ही, आणि खाली गल्लीकडे तोंड असलेल्या दोन खोल्या भाड्याने. नोकरी शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये, हिशेबाच्या टेबलावर. मिलच्या विम्याचं कामही बरीच वर्षं माझ्याचकडे होतं. हे मुद्दाम सांगतो. पुढे जे केलं ते न कळून केलं, असं कुणी म्हणू नये.

खालच्या खोल्यांत ताई राहायच्या. माझ्याच वयाच्या असतील. नवरा सिलतऱ्याला कारखान्यात होता, तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन दुर्गला. ताईंकडे एक शिलाई मशीन होतं आणि त्यांच्या हाताला नाव होतं. शहरातल्या मराठी घरांतून जुनी लुगडी, आईच्या पैठण्या, सासूचे शालू त्यांच्याकडे यायचे. कुणाला त्यातून नातीसाठी परकर-पोलकं हवं असायचं, कुणाला लग्नासाठी शिवलेली नऊवारी. जरीच्या कपड्याला त्या विजेची इस्तरी लावू देत नसत. स्वतःकडे ती ठेवतच नसत. ओलसर मलमल अंथरायची, आणि गरम पाण्याने भरलेला पितळी तांब्या शिवणीवरून हळूहळू फिरवायचा. म्हणायच्या, जरीची तार पोळली का मग ते लुगडं फक्त जुन्यावर भांडी देणाऱ्या भांडेवालीच्या कामाचं. हे सगळ्या बायकांना माहीत होतं. म्हणूनच त्या आपल्या आईची एकुलती एक पैठणी ताईंच्या हातात डोळे मिटून देत.

मला त्या ‘भाऊ’ म्हणत, बायकोला ‘वहिनी’. मी संध्याकाळी मिलमधून आलो की दारातूनच बोलत. “भाऊ, तुमच्या उरल्याची धूळ कॉलरीवर अशी बसली हाय का अस्तर लावाची गरजच नाही.” मी बोलका माणूस नाही. हसून जिना चढायचो.

आता विम्याचं सांगतो. सगळं तिथूनच सुरू झालं.

पोरीच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज घेतलं. बँक म्हणाली घराचा विमा पाहिजे. बँकेनेच एक एजंट पाठवला, तरुण, चुणचुणीत, बोलणं हिंदीत. आमच्या बैठकीत बसून त्याने मला पर्याय समजावले, आणि मी त्याला मध्येच थांबवून पुढचं वाक्य स्वतः पुरं करत होतो. हे सगळं मला येत होतं. पहिला पर्याय म्हणजे नुसत्या इमारतीचा विमा: भिंती, छप्पर, दारं-खिडक्या. त्यावर आपल्या सामानाचा जोडता येतो. घर भाड्याने असेल तर दुरुस्तीच्या काळात बुडालेल्या भाड्याचाही मिळतो. आणि शेवटचा, ज्याकडे घरमालक सहसा पाहत नाहीत. आपल्या घराच्या दोषामुळे भाडेकरूचं किंवा तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा. भाडेकरूचं सामान मालकाच्या विम्यात येत नाही. भाडेकरूने स्वतः काढायचा असतो, नाहीतर मालकाने हा जबाबदारीचा भाग जोडून घ्यायचा असतो. मिलचा विमा उतरवताना मी हे कलम कधी सोडलं नाही. गेटबाहेर उभ्या ट्रकवर आपली भिंत पडली तर काय, हे मालकाला मीच विचारायचो.

एजंटने त्याचा आकडा सांगितला. फार नव्हता. आम्ही महिन्याला बाहेर पाव-भाजी खातो त्याहून कमीच पडला असता. मी म्हणालो, नको, फक्त इमारतीचा द्या, बँकेला तेवढाच लागतो.

मग त्याने विचारलं, खाली कोण राहतं. मी सांगितलं, एक बाई, घरी शिवण करतात. तो म्हणाला, एक मशीन असेल तर काही अडचण नाही. आणि शेवटी विचारलं, वायरिंग किती जुनी.

आमच्या घरातली वायरिंग लाकडी पट्टीवरची होती. वडिलांच्या वेळची. मीटरपासून निघालेली लाइन ताईंच्या खोलीतून, कपाटाच्या मागून वर जायची. त्याच लाइनवर मी दोन वर्षांपूर्वी वर एसी बसवला होता.

“पिछले साल बदलवाई है,” मी म्हणालो.

तो म्हणाला, बरं झालं, नाहीतर कंपनी आधी माणूस पाठवून बघते, मग दर लावते.

या वाक्याला फार विचार लागला नाही. असं मी आयुष्यात पुष्कळदा बोललो असेन, दुकानात, ऑफिसात, नातेवाइकांत. विमा हा भरवशावरचा करार असतो, असं मी मिलमध्ये नव्या पोरांना शिकवायचो. आपण खरं सांगायचं म्हणून ते आपलं नुकसान भरतात. शिकवायला चांगलं वाक्य होतं ते.

पुढच्या आठवड्यात जिन्यापाशी ताईंनी अडवलं. वहिनींनी सांगितलं म्हणाल्या. “भाऊ, विमा काढला म्हणे घराचा. माही खोली आली का त्याच्यात?”

मी म्हणालो, “अख्ख्या घराचा आहे, ताई.”

त्या खूश झाल्या. मी वर गेलो. त्या कपड्यांबद्दल विचारत होत्या हे मला कळलं होतं. भिंतीशी त्यांना काय करायचं होतं? त्यानंतर त्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या की बिनघोर ठेवा, घराचा विमा हाय. आधी बायका एक-एक लुगडं देऊन जायच्या आणि झालं की लगेच न्यायच्या. आता सणासुदीला, लग्नसराईत, दोन-दोन तीन-तीन ठेवून जाऊ लागल्या. ताईंनी एक लाकडी कपाट घेतलं खास. ते बरोबर त्या लाइनला टेकून लावलं. मी ते आत नेताना हात लावला होता.

आग लागली त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला एकदा सांगितलं, भाऊ, तुमची एसी सुरू झाली का हा बोर्ड गरम होते, पाहून घ्या एकदा. मी हात लावून पाहिलं. गरम होता. मी म्हणालो, लग्नसराई होऊ द्या, मग एकदमच काम काढू, तुमचीही अडचण नको. म्हणजे त्यांच्याच सोयीसाठी पुढे ढकलतोय असं दाखवलं. त्या म्हणाल्या, हव, तसंच करा.

आग लागली ती सकाळी. ताई एका लग्नघरी नवरीला नऊवारी नेसवायला पहाटेच गेल्या होत्या. आमचा एसी रात्रभर चालू होता, सकाळीही बंद केला नव्हता. रविवार होता. आधी वास आला, मग गल्लीतून ओरडा. आम्ही खाली आलो तेव्हा खिडकीतून काळा धूर येत होता. कुलूप तोडलं, बादल्या, मग बंबाची गाडी आली. घर उभं राहिलं. ताईंच्या दोन खोल्या गेल्या. कपाट तर गेलंच, त्यातल्या पैठण्यांचा काळा लगदा झाला होता, आणि त्या लगद्यात मधूनच जरीची एखादी तार चमकत होती.

गाडीवरच्या माणसाने भिंतीकडे पाहून म्हटलं, लाइन से लगी है, शॉर्ट सर्किट. गल्लीने ते ऐकलं.

ताई आल्या तेव्हा नवरीकडची हळद त्यांच्या हाताला लागलेली होती. त्या रडल्या नाहीत. दारात उभं राहून कुणाची कोणती, कुणाची कोणती, असं पुटपुटत राहिल्या. बायको त्यांना शेजारच्या घरी घेऊन गेली आणि दिवसभर तिथेच बसली.

दुपारी मी एजंटला फोन केला. त्याने धीर दिला, उद्या सर्व्हेअर येईल म्हणाला. मग विचारलं, कशाने लागली. मी म्हणालो, शॉर्ट सर्किट म्हणतात. तो म्हणाला, पण वायरिंग तर आपली नवी आहे ना, सर. मग त्यानेच, अगदी सहज, वाट दाखवावी तसं विचारलं, “किरायेदार सिलाई करती हैं ना? प्रेस-व्रेस चालू तो नहीं छूट गई थी?”

“हो सकता है,” मी म्हणालो.

त्याने मला काही करायला सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवतो. त्याच्यावर ढकलावं असं कितीदा मनात आलं, पण त्याने फक्त विचारलं होतं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बैठकीत बसलो. मिलमध्ये मी किती सर्व्हे पाहिले होते. सर्व्हेअर हा वाईट माणूस नसतो. त्याला एक कारण हवं असतं, एका ओळीचं. शॉर्ट सर्किट एवढ्यावर त्याचं भागत नाही, कशाने झालं हे तो विचारतो. भाडेकरूच्या हलगर्जीने लागलेली आग मालकाच्या पॉलिसीत बसते. मालकाने खोटं सांगितलेल्या वायरिंगने लागलेली बसत नाही. एकदा का त्याला डोळ्यांना दिसणारी वस्तू मिळाली की तो भिंत उकरत बसत नाही.

क्लेम नाकारला गेला असता तर आम्ही रस्त्यावर आलो असतो का? नाही. थोडं कर्ज वाढलं असतं, पोरीला सुट्टीत यायचं तिकीट एखादवेळी काढलं नसतं, इतकंच. मला भीती वेगळीच होती. विम्याचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराबद्दल खोटं सांगितलं, हे मिलमध्ये कळलं असतं. मालक मला बोलला नसता. फक्त ते टेबल दुसऱ्याला दिलं असतं.

आमची इस्तरी आतल्या खोलीत फडताळात होती. जुनी, जड, काळ्या मुठीची. मी ती स्वयंपाकघरात नेली आणि गॅसवर धरली. मूठ वितळून एका बाजूला झुकेपर्यंत धरली, वायरही धरली. घाण वास सुटला. पण त्या दिवशी आमच्या सगळ्या घराला, सगळ्या गल्लीला जळकट वासच येत होता. थंड झाल्यावर टॉवेलात गुंडाळून खाली नेली. बोर्ड अर्धा वितळलेला होता. प्लग त्यात खुपसला, इस्तरी कपाटाच्या राखेत आडवी टाकली, वर थोडी राख ओढली. मी ते नीट केलं, जसं ऑफिसातलं काम नीट करतो तसं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. पोक्त माणूस, सभ्य. त्याने काठीने राख बाजूला केली आणि इस्तरी त्याला लगेच दिसली. त्याने फोटो काढले. गल्लीतली दोन-चार माणसं दाराशी होती, त्यांनीही पाहिली. कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. आणि तेवढ्यात ताई आल्या.

सर्व्हेअरने त्यांना विचारलं, “यह प्रेस आपकी है?”

“नहीं साहब,” ताई म्हणाल्या. “मेरे पास प्रेस है ही नहीं.”

त्याने एकदा इस्तरीकडे पाहिलं, एकदा बोर्डातल्या प्लगकडे, आणि मग माझ्याकडे. विचारलं काही नाही. नुसतं पाहिलं. मी घरमालक होतो, शिकलेला होतो, माझ्या शब्दाला वजन होतं. त्या क्षणी मला काहीच बोलायची गरज नव्हती. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं बहुतेक.

“घबराई हुई है,” मी म्हणालो.

सर्व्हेअरने समजुतीने मान हलवली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी आपल्याशी अचानक अनोळखी भाषेत बोललं तर माणूस जसा पाहतो, तशा पाहत होत्या.

तो गेल्यावर त्या राखेत बसल्या आणि हाताने उकरून आपला तांब्या शोधून काढला. काळा झाला होता, एका बाजूने दबला होता. तो त्यांनी पदराने पुसला. इस्तरी त्यांनी हातातही घेतली नाही.

क्लेम मंजूर झाला. इमारतीचा. ताईंच्या मशीनला, कपाटाला, लोकांच्या लुगड्यांना त्यात काहीच नव्हतं, कारण ते मी घेतलं नव्हतं. हे त्यांना सांगायला मी बायकोला पाठवलं. बायको परत आली आणि म्हणाली, त्यांना वाटत होतं अख्ख्या घराचा आहे, तुम्हीच सांगितलं म्हणे. मी म्हणालो, त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

लुगडी गेली याचं बायकांना दुःख होतं. ते त्यांनी गिळलंही असतं, आग काय कुणाच्या हातात असते. पण इस्तरी त्यांना गिळता आली नाही. इथल्या मराठी मंडळात, लग्नांत, हळदीकुंकवात एकच बोलणं झालं. एक बाई आमच्या घरीच येऊन बायकोला म्हणाली, “आमाले सांगे तांब्या, अन् सोता लावे इस्तरी. माह्या आईची पैठणी होती वो ती, मेल्यावर नेसवाले मागितली होती तिनं, आमी ठेवून घेतली होती.” ताई निष्काळजी ठरल्या असत्या तर त्यातून त्या कशाबशा उठल्याही असत्या. त्या खोट्या ठरल्या. इतक्या वर्षांचं सगळं शिवणच खोटं ठरलं. कुणी जुनी पोलकी काढून जरीची तार पोळली आहे का ते उजेडात पाहू लागलं. ज्यांनी पाहिलं त्यांना दिसलंही.

ताई प्रत्येकीच्या दारी गेल्या. तुमच्या घरचं शिवण जन्मभर फुकट करते म्हणाल्या. काहींनी हो म्हटलं आणि साधे कपडे दिले, गाउन, उशांचे अभ्रे. जरीचं कुणी दिलं नाही.

गणपतीच्या आधी त्या एकदा जिन्यापाशी थांबल्या होत्या. राहत होत्या शेजारच्यांच्या मागच्या खोलीत, आमच्या खोल्यांचं काम चालू होतं. मशीन कुणाचं तरी उसनं आणलं होतं. म्हणाल्या, “भाऊ, तुमी तरी सांगा न लोकायले. माह्याकडं इस्तरी नव्हती, तुमाले तं माहीत हाय. रोज येता-जाता दिसे तुमाले तांब्या. तुमचं ऐकतीन लोकं.”

मी म्हणालो, “सांगतो.”

त्यांना ती इस्तरी कुणाची हे कळलं होतं का, मला माहीत नाही. आमच्या घरी त्या वर यायच्या, बायकोला ती वापरताना त्यांनी पाहिलं असणार. पण जळल्यावर सगळ्या इस्तऱ्या सारख्याच दिसतात. मला वाटतं त्यांना कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी माझ्याकडे येऊन हे मागितलं नसतं. किंवा कळलं होतं आणि म्हणूनच मागितलं. या दोन्हींत मी वर्षानुवर्षं येरझाऱ्या घालतो, आणि दोन्हीकडे मी तोच असतो.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर लोक बसले होते. ताई आल्या. त्या दिवसांत त्या अशा ठिकाणी येत नसत, पण त्या दिवशी आल्या आणि चपला काढतात तिथेच मागे उभ्या राहिल्या. मी सांगेन म्हणून आल्या होत्या. हे मला त्यांना पाहताक्षणी कळलं. बायकोने त्यांना प्रसाद नेऊन दिला. बाकी बायकांची कुजबुज थांबली, मग पुन्हा सुरू झाली. आणि जिच्या आईची पैठणी होती तिनेच, जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं. म्हणाली, “भाऊजी, तुमच्याच घरातली गोष्ट हाय, तुमीच सांगून टाका एकदा. इस्तरी होती का नव्हती?”

मला आयतीच संधी दिली होती. एवढी सरळ संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. एक शब्द पुरला असता. कुणाची होती हे न सांगताही, ‘त्यांची नव्हती’ एवढं म्हणता आलं असतं. पण ‘त्यांची नव्हती’ म्हटलं की ‘मग कुणाची’ हे येतंच. हिशेबाच्या माणसाला पुढची ओळ आधी दिसते.

मी म्हणालो, “सर्व्हेअरच्या रिपोर्टात आहे तसं. मी त्याच्यावर काय बोलणार.”

तीही वाक्यं मला येतात. कुणावर आरोप नाही, कुणाची बाजू नाही, आणि काम पुरं.

मी मागे वळून पाहिलं तेव्हा चपलांपाशी कुणी नव्हतं. प्रसादाचा द्रोण खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता, न खाल्लेला. दिवाळीच्या आधी ताई मुलीकडे दुर्गला गेल्या. डिपॉझिट मी पुरतं परत केलं, एक पैसा न कापता. काही दिवस मला त्याचंही बरं वाटत होतं.

घराचं सगळं काम क्लेमच्या पैशांत झालं. नवी वायरिंग पाइपातून घेतली, एसीला वेगळी लाइन दिली. आणि पुढच्या वर्षी पॉलिसीची वेळ आली तेव्हा मी सगळं घेतलं. इमारत, सामान, बुडालेलं भाडं, भाडेकरूची आणि तिऱ्हाइताची जबाबदारी. वायरिंगचं खरं सांगितलं. एजंट हसून म्हणाला, सर, आता तुमचं घर मिलपेक्षा पक्कं झालं. भाड्याच्या घराला कोणता विमा योग्य, हे मला कुणी विचारलं तर मी आता अचूक सांगू शकतो. आपल्याला किती पडेल ते नंतर पाहा. आपल्यामुळे दुसऱ्याचं काय जळू शकतं ते आधी मोजा. आणि विचारलं तेवढं खरं सांगा. लोक विचारतातही, मी सांगतोही. ऑफिसातल्या दोघांनी माझ्या सल्ल्याने घेतला.

खालच्या खोल्या मात्र रिकाम्याच आहेत. दोनदा लोक बघायला आले. एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, इथल्याच कुठल्याशा सरकारी ऑफिसात बदलून आलेलं, पुण्याकडचं. मुलीने भिंतीला हात लावून विचारलं, “काका, लाइट-बिटचं सगळं ठीक आहे ना?” मी म्हणालो, खोल्या द्यायच्या नाहीत, चुकून पाटी लागली. बायको वरून ऐकत होती. तिने काही विचारलं नाही.

तिने एकदाच विचारलं होतं, आगीनंतर आठवड्याभराने. “आपली इस्तरी दिसून नाही राहिली.” मी म्हणालो, बिघडली होती, दुरुस्तीला दिली. महिन्याने मी नवी आणली. तो खोका तिने फडताळात ठेवला, तो अजून तिथेच आहे, चिकटपट्टीसकट. माझे शर्ट तेव्हापासून धोब्याकडे जातात. लग्न झाल्यापासून ते तिने कधी कुणाला दिले नव्हते. परवा पोरगी आली होती. म्हणाली, “मम्मी, नई प्रेस रखी है, फिर बाहर क्यों देते हो?” बायको म्हणाली, “राहू दे.” मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात मी ताईंचा नंबर मिळवला आणि फोन लावला. त्या एका दुकानाला साड्यांना फॉल-बिडिंग करून देतात, असं कळलं होतं. त्यांनी आवाज लगेच ओळखला. “बोला भाऊ.” वहिनी कशा हायेत, पोट्टी कुठं असते, विचारलं. म्हणाल्या, इकडं लई तपून राहिलं, तुमच्या तिकडंही असंनच. मग थांबल्या. मी बोलेन म्हणून थांबल्या. मागे मशीन चालत नव्हतं, त्यांनी ते थांबवलं असणार. मी म्हणालो, सहज केला होता, तब्येतीला जपा. त्या म्हणाल्या, “हव, भाऊ.” आणि मीच फोन ठेवला.

हे लिहून मला हलकं वाटेल अशी आशा होती. वाटत नाही. यात मी कुणाचं नाव घातलेलं नाही, माझंही नाही, म्हणजे हेसुद्धा त्या हॉलमधल्या उत्तरासारखंच आहे. ज्या बायकांनी पोलकी उजेडात धरून पाहिली त्या हे वाचतील, ओळखतीलही कदाचित, आणि कुणीतरी रचलेली गोष्ट म्हणून बाजूला ठेवतील. पैसे दिल्याने हे फिटणार नाही, आणि ताईंनी ते मागितलेलेही नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी ‘सांगतो’ म्हटलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर, ताईंना बोलावून, माझ्या तोंडाने मला सांगायचं आहे की त्यांच्याकडे इस्तरी नव्हती, ती माझी होती. ते मी अजून त्यांचं देणं लागतो.